प्रकाशसंश्लेषणाची व्यवस्था

पॅराग्वेतल्या सान अनिसेतो गावच्या सरकारी शाळेत प्रकाशसंश्लेषण वर्षानुवर्षे सुरळीत चालू होते. लापाचोचे जुने झाड अंगणात होते, धडा पुस्तकात होता, आणि दोघांनी एकमेकांच्या कामात कधी ढवळाढवळ केली नव्हती.

धडा निमिया ओवेलारबाईंच्या ताब्यात होता. जलवाहिन्या निळ्या खडूने, रसवाहिन्या लाल खडूने. पुढच्या धड्यात तेच खडू शिरा आणि धमन्यांना चालत. बाई डोळे मिटून पानाचा छेद काढत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मात्र मुलांना हे सारे प्रत्यक्ष दिसावे, अशी त्यांना तळमळ लागली. त्यांनी प्रयोगशाळेसाठी अर्ज केला. दुर्दैवाने तो मंजूर झाला.

अट एकच होती : प्रयोगशाळेला भरपूर ऊन हवे.

"ऊन तर ते झाड अडवतंय," मुख्याध्यापक डॉन एलाडिओ म्हणाले.

"पण सर, ते झाड..."

"बाई, सूर्यप्रकाशाशिवाय प्रकाशसंश्लेषण होतं का?"

"नाही होत."

"मग झालं तर. तुमच्याच फळ्यावर लिहिलंय."

खरोखरच लिहिले होते, आणि अक्षरही सुरेख आले होते. बाईंनी विषयतज्ज्ञ म्हणून सही केली. झाड आडवे झाले तेव्हा त्या वर्गात 'वनस्पतींचे महत्त्व' शिकवत होत्या. करवतीच्या आवाजात मुलांना ऐकू जाईना, म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

प्रयोगशाळा झाली. पत्र्याचे छप्पर, मधोमध प्लॅस्टिकचे झाड. बटण दाबले की निळे दिवे वर चढत, लाल दिवे खाली उतरत. बाईंना इतके भरून आले, की त्यांनी रुमाल काढला. थोड्या वेळाने सगळ्यांनीच काढले, कारण पत्रा तापला होता. मिर्ता नावाची मुलगी घेरी येऊन पडली.

"मेंदूला रक्तपुरवठा कमी पडला," बाईंनी अचूक सांगितले. मिर्ताला त्याने विशेष बरे वाटले नाही.

खात्याचा हुकूम आला : वर्ग सावलीत घ्यावेत. शाळेत आता सावली नव्हती. तेव्हा सगळी वरात रस्त्यापलीकडच्या आंब्याखाली गेली. तिथे दिग्नामावशी, गावच्या बोलीत न्या दिग्ना, टोपलीत चिपा, म्हणजे चीज घातलेले पाव, विकत बसायची.

"या, बसा," ती म्हणाली. "तुमच्या झाडाची वीज गेली वाटतं?"

तपासणीला पर्यवेक्षिका आल्या, त्याही तिथेच. कुणीतरी त्यांच्या हाती गार तेरेरेचा, म्हणजे तिथल्या पाल्याच्या थंड चहाचा, पेला दिला. नळीने एक घोट ओढून त्यांनी मिर्ताला विचारले, "झाडाला जगायला काय लागतं?"

"वीज," मिर्ता म्हणाली.

चूक सुधारायला बाईंनी तोंड उघडलेही.

"शाब्बास!" पर्यवेक्षिका म्हणाल्या. "पाठांतर नाही, निरीक्षण! बाई, ही तुमची पुण्याई." बाईंनी तोंड मिटले आणि नम्रपणे मान झुकवली.

निघताना पर्यवेक्षिकांचे लक्ष वर गेले. "या आंब्यामुळे प्रयोगशाळेचं सकाळचं ऊन अडत नाही ना?"

अडत होते.

पालकसभा बोलावली. ऊन फार, म्हणून ती आंब्याखालीच भरली. जागा कमी पडली, तेव्हा लोक खोडाला टेकून दाटीवाटीने उभे राहिले.

"अन् मी बसायचं कुठे?" न्या दिग्नाने विचारले.

"प्रयोगशाळेत बस की," डॉन एलाडिओ म्हणाले. "बाई, विषय तुमचा. तुम्हीच सांगा, सूर्यप्रकाश हवा की नको?"

निमियाबाईंनी सभोवार पाहिले. इतकी शहाणी माणसे जमली आहेत, कुणीतरी नको म्हणेलच, असे त्यांना वाटले. आपण कशाला वाईट व्हा? शिवाय प्रश्नाचे उत्तर त्यांना पाठ होते. सर्वांत आधी त्यांचाच हात वर गेला.

मग बाकीचे हात गेले. पानांतून झिरपणारे ऊन डोळ्यांवर येत होते, म्हणून काहींनी दुसरा हात कपाळावर आडवा धरला होता. ठराव मंजूर झाला. न्या दिग्नाचे मत मोजले नाही. ती शाळाच शिकलेली नव्हती.

बाकी सगळे जीवशास्त्रात पास होते. तुम्हीही झालाच असाल.