पुलावरच्या राक्षसाची नोंद

टिपणांच्या सुव्यवस्थेचा प्रश्न ऐरणीवर आला तो एका राक्षसाचे नाव न सापडल्यामुळे.

दर शनिवारी दुपारी भांडारप्रमुखांच्या जेवणाच्या टेबलावर एक राज्य मांडले जाई. फासे टाकायचे, आपापले पात्र व्हायचे आणि तोंडानेच गोष्ट पुढे न्यायची, असा तो खेळ. पत्नी चेटकीण व्हायची. तिची मैत्रीण एरवी दातांची डॉक्टर होती, ती चोर व्हायची. पत्नीचा धाकटा भाऊ व्हायचा एका डोळ्याचा योद्धा. उरलेले सगळे, म्हणजे राजे, राक्षस, वादळे आणि खानावळवाले, एकट्या भांडारप्रमुखांच्या ताब्यात असत, कारण ते सूत्रधार होते. कित्येक वर्षे समुद्र ओलांडत, शाप झेलत ही मंडळी एकदाची काळ्या किल्ल्याच्या पुलाशी पोचली होती. किल्ल्यात योद्ध्याचा भाऊ कैदेत होता. सगळा खटाटोप त्याच्यासाठीच चालला होता. त्यात खरा मेहुणा महिनाअखेरीस जहाजावरच्या नोकरीला निघायचा होता आणि परत कधी येईल ते त्यालाही ठाऊक नव्हते. भावाला त्याआधी सोडवायचेच, असा सर्वांचा पण होता.

"पुलावर राक्षस उभा आहे," भांडारप्रमुख म्हणाले. "त्याचं नाव..." आणि त्यांनी बुटांच्या खोक्यात हात घातला. राज्याचा सगळा कारभार त्या खोक्यात होता: पावत्यांच्या पाठी, फाडलेली पाकिटे, जुनी तिकिटे. नाव काही हाती लागेना.

"ठेवा हो काहीतरी," पत्नी म्हणाली. "राक्षसच तर आहे."

हे त्यांच्या जिव्हारी लागले. फर्निचरच्या कारखान्यातले त्यांचे गोदाम म्हणजे शिस्तीचा नमुना. तिथे नियम एकच: नोंदीत आहे ते आहे, नोंदीत नाही ते नाही. मागे साहेब एका खुर्चीला अडखळून तोंडावर आपटले, तेव्हाही ती खुर्ची गोदामात नसल्याचे भांडारप्रमुखांनी अत्यंत अदबीने सिद्ध केले होते. अशा माणसाच्या घरात राक्षस बिननावाचा उभा राहतो म्हणजे काय!

दुसऱ्याच दिवशी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली आला. त्याला इंटरनेट नव्हते आणि ते द्यायचेही नाही, असे ठरले. राक्षसाचे मर्मस्थान जगाच्या हाती पडता कामा नये, असे कारण भांडारप्रमुखांनी दिले. जगाने अद्याप चौकशी केलेली नव्हती, पण खबरदारी घेतलेली बरी. मग फोल्डर तयार झाले: 'भूगोल', 'सजीव', 'निर्जीव'. भुते कुठे घालायची यावर तीन दिवस विचारविनिमय होऊन 'पूर्वी सजीव' हा विभाग मंजूर झाला. नोंद चढली की मूळ कागद फाडायचा, म्हणजे घोळ नको.

पुढच्या शनिवारी मेहुण्याने बाह्या सरसावल्या. "मी पुलावर पाऊल टाकतो."

"कुठल्या पुलावर?"

"अहो भावजी, समोरच्या!"

"पूल अजून चढवलेला नाही. आधी नदी चढवायला हवी. ती 'भूगोला'त जाते की 'अडथळ्यां'त, ते ठरतंय."

"मग आत्ता आमच्यासमोर आहे काय?"

भांडारप्रमुखांनी पडद्याकडे नीट पाहिले. "काही नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

वीर मंडळी त्या काही नाहीच्या काठावर संध्याकाळपर्यंत बसून राहिली. चोराने एक डुलकी काढली. निघताना प्रत्येकाला विहित नमुना देण्यात आला. त्यात आजवरच्या जखमा, कारणासह, भरून द्यायच्या होत्या.

"मी पेशंटलासुद्धा इतकं छळत नाही," डॉक्टर म्हणाली.

त्यानंतरच्या शनिवारी भांडारप्रमुख ओशाळलेल्या चेहऱ्याने टेबलाशी आले. योद्ध्याचा भाऊ 'कैदी' आणि 'नातेवाईक' अशा दोन्ही ठिकाणी सापडला होता. एकच माल दोन फळ्यांवर दिसला की गोदामात चौकशी लागते. म्हणून त्यांनी एक नोंद काढून टाकली. दुसरी नोंद नुसती पहिलीकडे बोट दाखवत होती, हे नंतर उघडकीस आले. कागद फाडलेला होता आणि दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती.

"म्हणजे तो सुटला?" मेहुण्याने आशेने विचारले.

"नाही. म्हणजे तो नव्हताच."

मेहुण्याचा चेहरा खर्रकन उतरला. "भावजी, त्याच्यापायी माझा एक डोळा गेलाय!"

"डोळा आहे नोंदीत," भांडारप्रमुखांनी त्याला धीर दिला. "'निर्जीव'मध्ये."

"पुढच्या शनिवारी मी निघतोय. गोष्टीचं काय?"

"एकदा रचना पुरी होऊ दे. मग गोष्ट शोधायलाही लागणार नाही, आपोआप सापडेल."

निघायच्या दिवशी मेहुण्याच्या बॅगा दारापाशी लागल्या होत्या. गाडीला अवकाश होता. भांडारप्रमुख आतल्या खोलीत अनुक्रमणिकेची अनुक्रमणिका करत होते, तेवढ्यात बाहेरून हशा ऐकू आला. ते दारात येऊन उभे राहिले. टेबलावर चहाच्या कपांचा किल्ला होता, फूटपट्टीचा पूल होता आणि त्यावर बुटांचे खोके उभे केले होते. सूत्रधार पत्नी होती.

"राक्षस म्हणतो," ती घोगऱ्या आवाजात सांगत होती, "आधी नोंद दाखवा, मगच पलीकडे!"

"मी त्याच्यापुढे कागदांचा ढीग ओतते," डॉक्टर म्हणाली. "न लावलेला."

फासे पडले.

"बसला!" पत्नी टाळी वाजवून ओरडली. "खाली बसून कागद लावायला लागला. मान वर करायला तयार नाही. त्याच्या नाकासमोरून गेलात तुम्ही पलीकडे."

"आणि भाऊ?" मेहुण्याने हळूच विचारले.

"दारातच उभा आहे. म्हणतोय, किती उशीर केलास रे." इथे तिचा आवाज जरा हलला. तिचाही धाकटा भाऊ निघालाच होता.

आपल्याला खूप वाईट वाटते आहे, हे भांडारप्रमुखांना साफ कळले. टेबलाशी चौथी खुर्ची ओढून ठेवलेली होती.

"राक्षसाचं नाव काय ठेवलंत?" त्यांनी विचारले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. "नाव नाही ठेवलं," मेहुणा म्हणाला. "आम्ही आपलं भावजी म्हणतो त्याला. या ना, बसा. शेवट तुम्ही सांगा."

"आलोच," भांडारप्रमुख गहिवरून म्हणाले. "एवढं चढवतो आणि आलोच."

ते आत गेले. भाऊ सुटला होता, म्हणजे तो आता 'कैदी' नव्हता; पण मुळात नव्हताच, तर सुटला कोण, हा पेच होता. तो सुटेपर्यंत बाहेर हॉर्न वाजला, दार उघडले, दार लागले. भांडारप्रमुखांनी शेवटी नवा फोल्डर काढला आणि त्याला नाव दिले 'सवडीने'.

आपण हसलात, ठीक आहे. ही गोष्ट कुठेतरी जपून ठेवावी, पुढे कधीतरी कुणाला तरी वाचून दाखवावी, असेही मनात आले असेल. जरूर ठेवा. फक्त त्याआधी उठून एकदा पलीकडच्या खोलीत डोकावून या. तुमच्यासाठी ओढून ठेवलेली खुर्ची कुणी परत आत सरकवली तर नाही ना, तेवढे बघा.