सारखं काय, येगळं काय

रफीकभाईंना दोन दुकानं दाखवा, दोन जावई दाखवा, ते आधी विचारणार, "यात सारखं काय, अन् येगळं काय?" एकदा लग्नात तर त्यांनी आचाऱ्यालाच गाठलं. "दोन भाज्याईचे दोन मसाले काहून वाटून राह्यला? एकच वाट. तिखट नंतर टाक!" आचाऱ्याने झारा उचलला, तेव्हा कुठे भाई पानावर जाऊन बसले.

कारंज्यात त्यांचं दोन खोल्यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. बियाण्यांचं दुकान, टाइल्सचं दुकान, औषधांचं दुकान, सगळ्यांच्या प्रोग्रॅमचा पाया एकच; वर ज्याला जे लागेल ते जोडायचं. पुण्यात पाच ठिकाणी नकार घेऊन मी परत आले, तेव्हा मला त्यांनीच कामावर घेतलं.

मानोऱ्याच्या औषध दुकानाला घाई होती. मी गुपचूप बियाण्यांच्या प्रोग्रॅमची अख्खी नक्कल केली, नावं बदलली आणि देऊन टाकली. पुढे बियाण्यांच्या प्रोग्रॅममध्ये तारखेची चूक सापडली. तिथे मी ती दुरुस्त केली, नकलेत विसरले. मुदत संपलेली औषधं मानोऱ्यात ताजी दिसू लागली.

मी रडतच कबूल केलं. भाई म्हणाले, "तू दोन लेकरं केली, बेटा. आता ताप आला का दोघाईले औषध द्या लागते. चाल, एस्टी धर."

मानोऱ्यात आम्ही दिवसभर एकेक खोका बिलांशी ताडून पाहिला. मुदत संपलेलं एकही औषध कुणाला गेलं नव्हतं, नशीब! मी मालकांची माफी मागायला तोंड उघडलं, तर भाईच पुढे झाले. "चूक माही हाय. मी हिले नीट शिकवलंच नाही."

मग त्यांनी नक्कल काढून त्या एकाच पायावर उभा प्रोग्रॅम बसवला. म्हातारे मालक पडद्याला नाक लावून वाचू लागले. भाईंनी एक बटण दाबलं. अक्षरं बोराएवढी झाली.

"अरे वा! हे मी कुठं मांगतलं होतं?"

"कोणीच मांगत नाही," भाई म्हणाले. "तरी सगळ्याईत हाय."

येताना बसमध्ये मी विचारलं, ते मोठ्या अक्षरांचं बटण कायले ठेवलं?

"पहिला प्रोग्रॅम माह्या घरवालीसाठी, शमीमसाठी केला होता. आमचं बियाण्याचं दुकान तीच पाहे. नजर कमजोर होती तिची." मग हळूच म्हणाले, "दुकान गेलं, तीबी गेली. पण ते बटण काढायले हात नाही होत, बेटा."

मी त्यांची पिशवी तेवढी माझ्या मांडीवर घेतली.