साळवेदादांच्या कानटोप्या

तुमचं लेकरू चारचौघांत काहीतरी लाजिरवाणं करतं, तेव्हा तुमची नजर आधी कुठे जाते? लेकराकडे, की चारचौघांकडे?

साळवेदादांची चारचौघांकडे जाते. आणि त्या एका नजरेपायी सिंगापुरातल्या क्लेमेंटीत सातव्या मजल्यावर, पंखा पाचवर असूनही घाम निथळत असताना, तीन मोठी माणसं लोकरीच्या कानटोप्या घालून वरणभात जेवत होती. त्यातली एक मी. टोपी टोचत होती आणि वरण गरम होतं.

साळवेदादा माझे शेजारी. मी त्यांच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेऊन राहते, विद्यापीठात संशोधन करते आणि संध्याकाळी बहुतेकदा त्यांच्याकडे जेवते. त्या बदल्यात त्यांच्या ओवीला बालवाडीतून घरी आणते. सुजातावहिनी माझ्याच विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत आहेत. दादा मूळचे नांदेडचे, आंग मो किओ भागातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर. म्हणजे चुका शोधणं हा त्यांचा धंदा, आणि रविवारी छंद. एकदा त्यांनी वहिनींच्या पोळीला पट्टी लावून पाहिली होती. "तक्रार नाही," म्हणाले, "फक्त नोंद." त्या दिवशी वहिनींनी पुढच्या सगळ्या पोळ्या त्यांना लाटायला लावल्या. त्यांची नोंद कोणी केली नाही.

दादांची दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, "मुळाशी जायचं." नळ गळला, मुळाशी जायचं. भात करपला, मुळाशी जायचं. दुसरं, "पाहुण्याने पाय पसरू नयेत." हे त्यांचं सिंगापूरविषयीचं सगळं तत्त्वज्ञान. लिफ्टमध्ये कोणी असलं तर ते मराठी बोलत नाहीत. फोडणीआधी दार लावून घेतात. घरात खुर्ची सरकवायची नाही, उचलायची. खालच्या मजल्यावरच्या आजींनी कधी तक्रार केलेली नाही, पण करू शकतात.

"दादा, अकरा वर्षं कोणी पाहुणा नसतो," मी एकदा म्हणाले. "पाहुण्याला बसवून खायला घालतात. अकरा वर्षं राबतो त्याला पाहुणा म्हणणं हा अन्याय आहे, आणि तो तुम्ही स्वतःच स्वतःवर करताय."

"तुझं पत्रक छापून झालं असेल तर भाजी घे," दादा म्हणाले.

त्यांचं बोलणं खरं होतं. मी चळवळीची पत्रकं वाचत आणि वाटत मोठी झाले. पण रोज संध्याकाळी त्याच माणसाशी तोच वाद घालायला पत्रकं शिकवत नाहीत. मी भाजी घेतली.

आता ओवी. साडेचार वर्षांची, केस कुरळे, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र बालवाडीतल्या इंग्रजीत. तिला कानाची पाळी लागते. स्वतःची नाही, दुसऱ्याची. झोप आली, भीती वाटली, नवीन जागा असली की ती शेजारच्या माणसाच्या कानाची पाळी दोन बोटांत धरते आणि वात वळावी तशी हळूहळू वळत बसते. तोंडाने काही नाही. डोळे अर्धे मिटलेले. घरात याचं कोणालाच काही नव्हतं. वहिनी एक कान तिला देऊन दुसऱ्या कानाने फोनवर बोलायच्या.

मग ते बसमध्ये झालं. बस गच्च भरलेली, ओवी खिडकीशी, शेजारी एक चिनी आजोबा डुलक्या घेत बसलेले, आणि दादा दांडीला धरून उभे. कारखान्यातून फोन आला. दादा हळू आवाजात बोलत राहिले. फोन ठेवून बघतात तो ओवीच्या हातात आजोबांचा कान.

दादांनी सात वेळा माफी मागितली. हा आकडा त्यांचाच आहे, नंतर त्यांनीच केलेल्या एका फॉर्ममध्ये लिहिलेला. आजोबा इथल्या 'लाह' लावलेल्या इंग्रजीत म्हणाले, "नेव्हर माइंड लाह, माय ग्रँडडॉटर पुल माय बिअर्ड." त्यांनी कान काढून घेतलासुद्धा नाही. पण दादांना आजोबा दिसलेच नाहीत. त्यांना बाकीची बस दिसली. ते ओवीला उचलून दोन थांबे आधीच उतरले आणि भर उन्हात घरापर्यंत चालत आले. ओवी वाटभर रडत होती. दादा तिला एवढंच सांगत होते, "हळू, हळू. लोक बघतायत."

त्याच आठवड्यात बालवाडीतूनही चिठ्ठी आली. ओवी प्रार्थनेच्या वेळी मुलांचे कान धरते, एका पालकांना ते आवडलेलं नाही, भेटून जावे.

चिठ्ठी वाचून दादांनी फ्रिजवर एक फॉर्म चिकटवला. कारखान्यात एखादा भाग बिघडून परत आला की भरतात, तसा. रकाने पाच: तारीख, ठिकाण, कोणाचा कान, किती वेळ, आधी काय घडलं. जो हजर असेल त्याने भरायचा. मीही.

"ती मुलगी आहे, दादा. परत आलेला माल नाही."

"म्हणून तर जपून करतोय."

फॉर्मच्या खाली लिहिलं होतं, 'तातडीचा उपाय'. कारखान्याच्या भाषेत याचा अर्थ, मूळ सापडेपर्यंत निदान बिघाड बाहेर जाऊ द्यायचा नाही. घरात कानच मिळाला नाही तर सवय मोडेल, असं दादांचं गणित. दादांच्या आईने नांदेडहून कानटोप्या पाठवल्या होत्या, कारण 'तिकडं बसमध्ये एसी असतोय'. चार वर्षं त्या कपाटात पडून होत्या. आता बाहेर निघाल्या. एक दादांना, एक वहिनींना, एक मला. हनुवटीखाली बंदाची गाठ.

"मी यात का?" मी विचारलं.

"तुझे कान तिला आवडतात," वहिनी म्हणाल्या. "घाल बाई. दोन दिवसांत थकेल हा."

दोन दिवसांत थकले नाहीत. उलट दुसरा उपाय घेऊन आले. कारखान्यातल्या सिलिकॉनच्या तुकड्यांतून त्यांनी कानाच्या पाळीचे तीन नमुने कापून आणले, मऊ, मध्यम आणि कडक. वहिनींना आणि मला डोळे मिटायला लावून आमच्याच कानांशी ताडून पाहिले. मध्यम पास झाला. ओवीने तो बोटांत धरला, एकदा वळला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"धिस वन डेड लाह," ती म्हणाली.

मी हसले. दादाही हसले असते, पण त्यांनी आधी फॉर्ममध्ये लिहिलं: 'तापमान कमी पडले.'

त्यानंतर हसण्यासारखं काही उरलं नाही. कोणाचाच कान मिळेना, तेव्हा ओवीने स्वतःचा धरला. उजवा. पहिल्यांदा तो नुसता लाल दिसायचा. मग पाळीचं साल निघालं. बालवाडीतून आणताना ती डोकं एका बाजूला कलतं ठेवून चालायची, केस त्यावर ओढून घ्यायची. मी विचारलं तर म्हणाली, "डोन्ट टेल पप्पा. पप्पा राइट."

पप्पा लिहितो. साडेचार वर्षांच्या मुलीला एवढं कळलं होतं, की दुखलं तर सांगायचं नाही, कारण त्याची नोंद होते.

मी वहिनींना सांगितलं. वहिनींनी त्याच क्षणी टोपी काढून केराच्या डब्यात टाकली आणि दुसऱ्या दिवशी दादांना बालवाडीत नेलं. मीही गेले. तिथल्या बाई, मिस नूर, पन्नाशीच्या, मोठ्या शांत. पालकांना त्या नावाने हाक मारत नाहीत, डॅडी आणि मम्मी म्हणतात. दादा फॉर्म घेऊन गेले होते.

मिस नूर म्हणाल्या, "डॅडी, आम्ही तिला विचारायला शिकवतोय. कॅन आय होल्ड? समोरचा हो म्हणाला तर धरायचं, नाही म्हणाला तर नाही. बाकीच्या वेळी खिशात रुमाल. आम्ही ओरडत नाही, हसत नाही, त्याची गोष्टही करत नाही."

"पण किती दिवसांत जाईल?"

"डॅडी, शी इज फोर." मग म्हणाल्या, "ती कान धरते त्याच्या आधी काय होतं, ते बघा."

"तो रकाना आहे," दादा म्हणाले.

रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली, पोहे झाले, आणि अजूनही कानटोपी घातलेल्या दादांनी फ्रिजवरचा फॉर्म काढून आढाव्याला घेतला. दीड पान भरलं होतं. दादांच्या स्वतःच्या नोंदींत शेवटच्या रकान्यात सगळीकडे एकच उत्तर होतं, 'काही नाही'. बसच्या नोंदीतही. वहिनींच्या आणि माझ्या नोंदी मात्र त्यांनी तोवर नीट वाचल्या नव्हत्या. ते मोठ्याने वाचू लागले.

"आधी काय घडलं. ओवीचे बाबा फोनवर हळू बोलत होते. आधी काय घडलं. दादांनी पासची मेल तिसऱ्यांदा उघडली. आधी काय घडलं. बाबा जेवले नाहीत. आधी काय घडलं. दादा म्हणाले, पास नाही झाला तर ओवीची शाळा..."

वाक्य अर्धवट सोडून त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

दादांच्या पासची, म्हणजे इथे राहून काम करायच्या परवान्याची, मुदत संपत आली होती आणि कारखान्यात माणसं कमी करायची बोलणी चालू होती. ओवीचा पास त्यांच्याच पासावर. हे आम्हा तिघांना माहीत होतं. ओवीला माहीत नाही, असं दादा धरून चालले होते, कारण त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. ते फक्त हळू बोलत होते. त्या घरात हळू बोलणं म्हणजे काय, ते तिला आमच्या कोणाहीपेक्षा लवकर कळलं होतं.

दादा पुढे वाचत राहिले, आता मनातल्या मनात. मग बसच्या नोंदीवर बोट ठेवलं. खिशातून पेन काढून 'काही नाही' खोडलं आणि लिहिलं, 'मला फोन आला'. हनुवटीखालची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला, घामाने ती घट्ट बसली होती. टोपी निघाली तेव्हा कानांवर लोकरीचे वळ उठलेले.

"मुळाशी गेलो," ते म्हणाले. "मूळ घरातच बसलंय."

मला बोलायला पुष्कळ सुचत होतं. पाहुणेपणावर, पासावर, माणसाला सतत पायाच्या बोटांवर चालायला लावणाऱ्या व्यवस्थेवर. माझं म्हणणं आजही बदललेलं नाही. पण समोरचा माणूस फार दमलेला होता, आणि मीही. मी चहा टाकला.

यानंतर ओवीची सवय गेली का? नाही. कान बरा झाला. ती आता विचारते. बसमध्ये विचारत नाही, तिथे रुमाल वळते. कधी विसरते, मग दादा तिचा हात हलकेच आपल्या हातात घेतात आणि काही बोलत नाहीत. त्यांना ते जड जातं. मानेची शीर दिसते.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी मी ओवीला घेऊन आले, तर दादा इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी बाकावर बसले होते. कारखाना सुटायची वेळ नव्हती. पासचं उत्तर अजून आलं नव्हतं, आजही आलेलं नाही. पण त्या दिवशी त्यांच्या विभागातल्या दोघांना घरी पाठवलं होतं. फोन मांडीवर पालथा ठेवलेला. समोर शेजारपाजारचे म्हातारे पट खेळत होते.

ओवी त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. दादांनी सवयीने मान वाकवली, कान पुढे केला.

"आय डोन्ट वॉन्ट, पप्पा," ओवी म्हणाली. मग बाकावर चढून गुडघ्यांवर बसली. "यू वॉन्ट. कॅन आय होल्ड?"

दादांनी मान हलवली. तिने दोन बोटांत त्यांची पाळी धरली आणि वळू लागली. पट खेळणाऱ्यांपैकी दोघांनी वर बघितलं. दादांना ते दिसलं असणार, त्यांना नेहमीच दिसतं. पण त्यांनी डोळे मिटून घेतले. आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मी साळवेदादांना बाकावर बसून पाय लांब पसरताना पाहिलं.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. बसमध्ये एखादं लेकरू अंगठा चोखताना, फडक्याचा वास घेताना, कुणाचा कान धरताना दिसेल. शेजारी त्याची आई किंवा बाप ओशाळून तुमच्याकडे बघत असेल. तेव्हा एवढंच करा, खिडकीबाहेर बघा. त्यांची नजर लेकराकडे जायला मोकळी होऊ द्या.