आधी येणाऱ्यास आधी

मानवजातीची सगळी प्रगती रांगेत उभे राहिल्याने झाली, असे विद्वानांचे मत आहे. (रांगेत उभे असलेल्यांचे मत अद्याप समजलेले नाही. त्यांचा नंबर यायचा आहे.) संगणकशास्त्रातही रांगेला मोठा मान. तिथे तिला 'क्यू' म्हणतात आणि नियम एकच: जो आधी येईल तो आधी सुटेल.

शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या एका महाविद्यालयात 'डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम' हा विषय भगीरथ सर तळमळीने शिकवत. प्रयोगशाळेत संगणक वीस, चालू सहा. उरलेले चौदा तपासणी समितीला दाखवण्यासाठी असून, समितीपुढे ते एकदाही बंद पडलेले नाहीत. (समितीने ते कधी सुरू केलेले नाहीत.)

टोकावड्याची कुणाली या विषयात एकदा नापास झाली होती. यंदा तिच्या आत्याने घरी बजावले होते, "पास झालीस त शीक. नाय त पावणे येतील बघायला." संगणकशास्त्रात याला इफ-एल्स म्हणतात. कुणालीला ते पहिल्याच वाचनात समजले.

प्रात्यक्षिक परीक्षेचा विषय रांग हाच होता. म्हणून सरांनी हजेरी क्रमांक रद्द करून दारावर कागद चिकटवला: 'आधी येईल तो आधी बसेल.' कुणालीने पहिली एसटी पकडली. फाटक उघडायच्या आत ती हजर.

"एवढ्या सकाळची आलीस गो?" शिपाई धाऊमामा म्हणाले. "रुमाल टाकलास का?"

"रुमाल कशाला मामा? रांग हाय ना. पयली मीच."

धाऊमामांनी तिच्याकडे, ताप डोक्यात गेलेल्या माणसाकडे बघावे तसे पाहिले आणि फाटकाचे कुलूप काढले. कुणाली प्रयोगशाळेच्या बंद दाराशी जाऊन उभी राहिली.

साडेनऊला सापगावचा जगन आला. तो दाराकडे फिरकलाच नाही. मुरबाड स्टँडवर एसटीची जागा धरायची त्याला लहानपणापासून सवय. मागच्या बाजूला जाऊन त्याने खिडकीच्या गजांतून सहा खुर्च्यांवर सहा वस्तू नेम धरून टाकल्या: दोन रुमाल, एक टोपी, एक नॅपकिन आणि मोज्यांचा एक जोड, सुटा करून.

"जगन, मी सकाळपासना उभी हाय रे!"

"उभी ऱ्हा ना, कोण नको बोललं? आमच्या माणसांच्या जागा हायेत गो. म्हशाच्या फाट्यावर पोचलेत."

प्रकरण सरांकडे गेले. सरांनी एका मोज्याचे बराच वेळ निरीक्षण करून निर्णय दिला, "रांगेत माणूसच असला पाहिजे असं पुस्तकात कुठं लिहिलंय? रांगेत काहीही ठेवता येतं. शिवाय हा प्रायॉरिटी क्यू आहे. ज्याला प्राधान्य, तो आधी."

"पण सर, प्राधान्य कोण ठरवतं?"

"तो पुढच्या वर्षीचा अभ्यासक्रम."

म्हशाच्या फाट्यावरची माणसे दुपारपर्यंत येत राहिली. एक उठला की त्याच्या खुर्चीवर तोच मोजा, दुसऱ्याच्या नावाने. अखेर खुर्ची रिकामी झाली, कुणाली बसली आणि वीज गेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांना कल्याणची गाडी गाठायची होती. त्यांनी तिच्या नावापुढे 'अनुपस्थित' लिहिले. सर्वांत आधी आलेल्या व्यक्तीबद्दल इतका नेमका शब्द मराठीत दुसरा नाही.

आत्या पाहुण्यांना निरोप धाडणार होती, तेवढ्यात फेरपरीक्षा लागली, दुपारची. या खेपेला कुणाली आरामात, जेवून आली. दाराशी सकाळपासून उभी असलेली काजल नावाची मुलगी पाहून तिचे पाऊल क्षणभर अडखळले. मग ती मागे गेली आणि गजांतून ओढणी अशी फेकली, की एका दमात तीन खुर्च्या झाकल्या.

"ताई, पयली मी हाय," काजल रडवेली होऊन म्हणाली.

"आमच्या माणसांच्या जागा हायेत गो," कुणाली मायेने म्हणाली.

तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. "आता संकल्पना समजली," असे सर कौतुकाने म्हणाले. पाहुण्यांचा नंबर काही लागला नाही.

आज कुणाली ऐरोलीच्या एका कंपनीत दवाखान्यांसाठी आणि कचेऱ्यांसाठी टोकनचे प्रोग्रॅम लिहिते. तुमच्या हातात बेचाळीस नंबर असतो, पडद्यावर एकेचाळीसनंतर सत्तेचाळीस झळकतो, आणि तुम्ही यंत्राला शिव्या घालता. घालू नका. तो बिघाड नव्हे, ओढणी आहे. मागच्या खेपेला साहेबांना फोन लावून तुम्ही थेट आत गेलात, तेव्हा ती उत्तम चालली होती. दाराशी तेव्हाही कुणीतरी बेचाळीस नंबर धरून उभे होते. त्याला तुम्हीच म्हणाला होतात, "आमचं एकच मिनिटाचं काम आहे हो."