इंदुबाईंना बोलायचं होतं

"मी विचारल्याशिवाय थिएटरात कुणी तोंड उघडायचं नाही," असं डॉक्टर विनायक दांडेकरांनी सकाळीच सोनाली सिस्टरला झापलं, आणि आयाबाई इंदुबाईंची पंचाईत झाली. टेबलावर लिंबायत वस्तीतला, कापडाच्या लूमवर काम करणारा लोटू बेशुद्ध होता. त्याची बायको सुंदरा आत्ताच दारात सांगून गेली होती, "बाई, त्यासले पेनिसिलिन देऊ नका. मांगला साल मरता मरता वाचनात." केसपेपरवर हे नव्हतं. ट्रेमध्ये पेनिसिलिनची सिरिंज भरून तयार होती, टाके संपले की टोचायची.

इंदुबाई खाकरल्या. डॉक्टरांनी नुसतं वर पाहिलं, तेवढ्यानेच त्यांचा शब्द आत गेला.

मग डॉक्टरांच्या पायजम्याची नाडी सुटली. पायजमा गाउनखालून सावकाश उतरून घोट्यांशी येऊन बसला. टाक्यांत गढलेल्या डॉक्टरांना पत्ता नाही. सोनालीने पाहिलं, पण तिची बोलती सकाळीच बंद झाली होती. शेवटी डॉक्टरांनी बाजू बदलायला पाऊल उचललं, ते अडकलं, आणि डॉक्टर लोटूवर कोसळता कोसळता सावरले.

"हे काय आहे पायात?"

"तुमचा पायजमा, सर," सोनाली म्हणाली.

"मग वर करा."

"माझे हात निर्जंतुक आहेत, सर. तुमचेपण."

रोज 'कशाला हात लावू नका' म्हणून ज्यांना दटावलं जायचं, त्या इंदुबाईच आता कामाच्या होत्या. त्या डॉक्टरांच्या मागे जाऊन वाकल्या आणि पायजमा वर ओढला.

"कधीपासून असा होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाली की पंधरा मिनिटं," सोनाली म्हणाली.

"सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नव्हतं ना."

डॉक्टरांचे कान लाल झाले. "मी न विचारलेलं आणखी काही आहे का?"

नाडी आपल्या हातात आहे तोवरच बोलून घ्यावं, असं इंदुबाईंना वाटलं. त्यांनी सुंदराचा निरोप एका दमात सांगितला आणि मगच गाठ मारली.

"सिस्टर, ती सिरिंज टाकून द्या. दुसरं औषध काढा," डॉक्टर म्हणाले. मग हलकेच, "इंदुबाई, फार उपकार झाले तुमचे. आज माझ्या हातून माणूस गेला असता."

इंदुबाईंना भरून आलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच डॉक्टरांनी त्यांचं नाव घेतलं होतं.

लोटू सुखरूप वॉर्डात गेल्यावर डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि सुंदरापुढे त्यांनी मनापासून हात जोडले. डॉक्टर हात जोडतात म्हणजे काय, हे तिने सिनेमात पाहिलं होतं. तिने हंबरडा फोडला.

"अहो, तसं नाही, मी आभार..." डॉक्टरांचं कुणी ऐकेना. घाम पुसत ते मागे वळले.

"इंदुबाई, बोला ना काहीतरी."