धागेमहाल निजला आणि जागा जाहला, त्याची हकिकत

श्रीविद्युत्देवता प्रसन्न असो. शके १९१३, प्रजापती नाम संवत्सरी, संगणकाच्या पोटी जे राज्य नांदत होते तेथे घडले ते साद्यंत लिहिले जाते. त्या राज्यात प्रोसेसर नामे गादी एकच. जो तीवर बसे त्याचे काम चाले आणि बाकीचे तिष्ठत राहत. गादी कोणास द्यावी हा अधिकार कर्नल, म्हणजे संगणकाचा मूळ गाभा, त्या हुजुरांचा. राज्यात महाल, म्हणजे एकेक चालता प्रोग्राम, पुष्कळ; त्यांत एक धागेमहाल. त्याचे कारभारी भानजी येसाजी, आणि त्यांचे हाताखाली धागे म्हणोन कामकरी, ते बाहेरील अर्जदारांस उत्तरे देत. पूर्वी एक धागा उठून दुसरा बसायचा तर हुजुरांची देवडी चढावी, जोडे काढावे, हातचे सामान उतरून ठेवावे, मुजरा करावा, आणि मग दुसऱ्याने तोच सोहळा उलटा करावा, ऐसी चाल होती. त्यामुळे कामाहून मुजरेच फार जाहले. मग भानजींनी पाळी बदलणे आपल्या अंगणात आणिले. महालास गादी मिळाली की "सुभानजी, ऊठ; गोमाजी, बैस" इतके बोलणे पुरे होई, आणि इतर महालांचा एक मुजरा होईतो येथे कैक पाळ्या फिरत. हुजुरांस याची वार्ता नव्हती; त्यांस अवघा महाल एकाच नावाने ठाऊक.

आणि तेथेच घात जाहला. रखमाजी नामे धागा अर्जदाराचा कागद आणावयास डिस्क नामे कोठीकडे गेला. कोठी दूर आणि हुजुरांचे हाती. कागद येईतो मागणाराने निजावे ऐसा दंडक. हुजुरांनी "निजा" म्हणोन फर्माविले, रखमाजी निजला, आणि नाव एकच म्हणोन अवघा महाल निजविला गेला. सुभानजी, गोमाजी, स्वतः भानजी, कामास सिद्ध असता जागचे जागी निजले. अर्जदार हाका मारून थकले आणि उठोन गेले. कागद आला, महाल जागा जाहला, तो हुजुरांचे दिवाण नरसो मल्हार दारी उभे. हसोन बोलिले, "काय भानजीराव? घरच्या घरी राज्य करीत होता, ते घरच्या घरी निजलाही! पुन्हा ऐसे घडले तर महाल मोडून जागा दुसऱ्यास देऊ, हुजुरांची आज्ञा आहे." रखमाजी मान खाली घालोन बोलिला, "कारभारी, माझ्यापायी घर बुडते." भानजींनी त्याचे पाठीवर हात ठेविला, "कागद येईना तर तू निजणारच, गड्या. आम्हांस कोणी उठविले नाही, ते मी पाहतो." मग ते यथाविधि जोडे काढून हुजुरांपुढे गेले. दिवाण बोलिले, "सोपे आहे. प्रत्येक धागा दरबारी नावनिशीवार मांडा. एक निजला तरी दुसरा जागा राहील." भानजी बोलिले, "आणि प्रत्येक पाळीस पुन्हा जोडे काढावे? मुजऱ्यातच दिवस मावळेल, सरकार. पाळी कोणाची ते आम्हांस ठाऊक. निजला कोण ते आधी हुजुरांस कळते. तेव्हा अंगणात एक हाक द्यावी आणि गादी आमचेकडेच राहू द्यावी. तो जागा होईल तेव्हा दुसरी हाक. याउपर अर्जदार विन्मुख गेला, तर महाल मी आपले हाताने मोडीन." हुजुरांनी दिवाणांकडे पाहिले, "हाकेस श्रम किती?" दिवाण नाइलाजे बोलिले, "मुजऱ्याइतकेच, सरकार; पण कोणी निजेल वा उठेल तेव्हाच." "मग हाक देऊ," ऐसे हुजूर वदले. पुढे कोठीचे काम निघाले, तो रखमाजीचे पाऊल उचलेना. भानजी बोलिले, "जा, आणि निर्धास्त नीज." तो गेला आणि निजला, आणि अंगणात हाक आली, "धागेमहाल हो! तुमचा कोठीवरचा गडी निजला, गादी तुमचीच!" "गोमाजी, बैस," भानजी बोलिले, आणि काम खंडले नाही. मग कागद आला, दुसरी हाक जाहली, रखमाजी धावत आला, तो ओसरी रिकामी. तो दारी धावून अर्जदारांस हाका मारू लागला. गोमाजी हसोन बोलिला, "अरे, उत्तरे घेऊन गेले सगळे! तुझा तेवढा कोपऱ्यात बसला आहे, दे त्याला कागद."

येणेप्रमाणे महाल राहिला. पाळी घरात फिरली, नीज दरबाराने कळविली, आणि दोहोंचा मान दोहोंपाशी राहिला. जाहले ते लिहिले.