फाटकात अडकलेला नंदी

मांडीवर पियुष झोपलेला, हातात कोणाच्या तरी लग्नाचा ब्लाउज, ओठांत सुई. नेमका त्याच वेळी पालकांच्या ग्रुपवर नंदिनी मॅडमचा निरोप आला आणि मिनलच्या ओठांतली सुई खाली पडली.

"शनिवारी शाळेत तान्हा पोळा. प्रत्येक मुलानं आपला लाकडी नंदी सजवून आणावा. सोबत घरातलं एक मोठं माणूस हवंच. दुसरीतल्या भूमिकाच्या घरचा माणसाएवढा नंदी यंदा शाळेत येणार आहे. तिच्या आईचे आगाऊ आभार."

मिनलच्या घरचा नंदी कपाटावर होता. तो मुठीत मावायचा.

"भूमे! इकडं ये आधी. आपल्या घरी मोठा नंदी आहे म्हणून मॅडमले कोणी सांगितलं?"

भूमिकानं छताकडे पाहिलं. "साहिल म्हणे, त्याचा नंदी गुडघ्याएवढा आहे. मग मी म्हटलं, माझा पप्पाएवढा आहे. पप्पा लकडगंजले लाकडाच्या टालवर कामाले जातात न, म्हणून सगळ्यायले खरंच वाटलं." एवढं बोलून तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. "आई, शनिवारी सगळे मले फेकू म्हणतील का वं?"

रागावणं मिनलच्या जिभेवर आलं होतं, पण त्या ओठाकडे पाहून ते तिथंच विरघळलं. मॅडमला फोन करून खरं सांगणं सोपं होतं. पण मॅडमशी ती आजवर बोललीच कुठं होती? पालकसभेला ती एकदाही गेली नव्हती. कधी पियुषला ताप, कधी लग्नसराईचं शिवण. 'पुढच्या टायमाले नक्की येते' हा तिचा ठरलेला निरोप. आता पहिल्यांदाच तोंड दाखवायचं आणि तेही 'माझी पोरगी खोटं बोलली' हे सांगायला?

"रडू नको. नंदी आणू आपण," ती म्हणाली. कुठून, ते तिला माहीत नव्हतं.

ते तिच्या सासऱ्यांना, शालिकरामांना माहीत होतं. "त्यात काय पोरी? इतवारीत माझा दोस्त आहे न, धोंडबा, भांड्यायच्या दुकानवाला. त्याच्या आजाचा सागवानी नंदी आहे, माझ्या छातीएवढा. मागून आणतो."

"देतील का बाबा?"

"नाही कसा देत? लहानपणी तान्ह्या पोळ्याले माझ्या वाटचा किती बोजारा खाल्ला त्यानं!"

धोंडबांनी नंदी दिला. फक्त एक गोष्ट सांगितली. "नंदी एकटा कुठं जात नाही गा शालिक. तो गल्लीचा आहे. जिकडं नंदी, तिकडं गल्ली."

"येऊ दे न दोन-चार जण," शालिकराम म्हणाले.

धोंडबा नुसते हसले.

शनिवारी सकाळी नंदी निघाला. पायांखाली चाकांचा गाडा, अंगावर झूल, शिंगांना गोंडे. दोर भूमिकाच्या हातात, मागे ढोल, आणि ढोलाच्या मागे धोंडबांची अख्खी गल्ली: बाया, बाप्ये, व्हीलचेअरवरच्या एक आजी. पियुषला कडेवर घेऊन मिनल चालत होती आणि मागे वळून पाहायची हिंमत करत नव्हती.

नंदी दारावरून जातो आहे म्हटल्यावर त्याला तसाच कोण जाऊ देणार? दर दोन घरांनंतर कोणीतरी बाई तांब्या घेऊन आडवी यायची. नंदीच्या पायांवर पाणी, कपाळाला कुंकू, ओवाळणी, आणि दोर धरणाऱ्या लेकराच्या हातात बोजारा म्हणून नाणं नाहीतर चॉकलेट. हे झालं की तीच बाई पायात चप्पल घालायची. "आलीच वं, नंदीले शाळेपर्यंत पोचवून येते." मागे अडकलेल्या टेम्पोवाल्यानं आधी हॉर्न वाजवला, मग शिव्या घातल्या आणि शेवटी खाली उतरून ढोलावर नाचायला लागला.

"बाबा, शाळा सुटून जाईल!" मिनल कळवळली.

"नंदीले घाई नसते पोरी," शालिकराम म्हणाले. त्यांच्या गळ्यात तोवर कोणीतरी हार घातला होता.

शाळेत पालक आले होते, पण आपल्या रीतीनं. लेकराला आत सोडायचं, मॅडमला लांबूनच नमस्कार करायचा आणि सटकायचं. तेवढ्यात नंदी फाटकाशी पोचला. शाळेच्या फाटकाचं एकच दार उघडायचं; दुसरं कित्येक वर्षांपासून गंजून बसलेलं. नंदीची शिंगं आत गेली, मान आत गेली, आणि पोट अडलं.

"लावा जोर!" धोंडबा ओरडले.

गल्लीनं जोर लावला. नंदी असा काही घट्ट बसला की आता तो पुढंही जाईना आणि मागंही येईना.

"मॅडम, मले ड्युटीवर जायचं आहे!" आतला एक बाप कासावीस झाला.

"भिंतीवरून उडी मारा न," बाहेरून कोणीतरी सुचवलं.

"पॅन्ट नवीन आहे हो!"

नंदिनी मॅडमनी आत अडकलेल्या पालकांकडे पाहिलं. मग बाहेर अडकलेल्या गल्लीकडे पाहिलं. आणि शांतपणे माईक हातात घेतला.

"पालकहो, अनायासे सगळे आहातच, तर आपली सभा घेऊन टाकू. सतरंज्या तिथं आहेत. बसा."

आतले बसले. बाहेरचे नंदीच्या पाठीवर कोपरं टेकून ऐकायला लागले. मॅडमनी सांगितलं की पिण्याच्या पाण्याचा नळ मोठ्या माणसांच्या उंचीला आहे, म्हणून पहिली-दुसरीची लेकरं दिवसभर तहानलेली राहतात.

"अवं माय! मग हे आधी काहून नाही सांगितलं, मॅडम?" एक आई भडकली.

"दर महिन्याले सांगते मी. रिकाम्या खुर्च्यायले."

सतरंजीवरची मंडळी सतरंजीचे धागे उपटायला लागली. बाहेरून धोंडबा ओरडले. "नळ आमची गल्ली खाली घेऊन देते, मॅडम. पण आधी या फाटकाचं पाहा!"

मिनलनं नवऱ्याला फोन लावला. अमोल टालवरची माणसं आणि पहारी घेऊन धावत आला. "नंदी अडकला म्हणजे? आपला नंदी तर मुठीत—" असं तो म्हणाला, पण मिनलनं त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं त्यानं गिळलं. गंजलेलं दार बिजागऱ्यांसकट उखडलं. आतून शाळेतली सगळी पोरं दोराला लोंबकळली, बाहेरून गल्लीनं रेटा दिला आणि नंदी धाडकन मैदानात शिरला.

साहिलनं नंदीभोवती एक चक्कर मारली. "भूमिका, हा खरंच तुमचा आहे?"

भूमिकानं आईकडे पाहिलं, मग खाली मातीकडे पाहिलं. धोंडबा उपरण्यानं नंदीचं पोट पुसत होते. त्यांनी मान वर केली.

"नंदी कोणा एकाचा असते का बाबू? ज्याच्या हातात दोर, त्याचा."

साहिलनं आपल्या हाताकडे पाहिलं. हातात दोर होता. "म्हणजे माझा पण!" तो किंचाळला. मागून "माझा पण, माझा पण" असा गिल्ला झाला, आणि बघता बघता नंदीला इतके मालक झाले की पहिला मालक कोण, हे विचारायला कोणाला फुरसतच उरली नाही. भूमिका त्या गर्दीत सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती.

मिनलला हायसं वाटलं. पण मॅडमशी खोटं ठेवून घरी जाणं तिच्या जिवावर आलं. मॅडम पायरीवर एकट्या बसलेल्या पाहून ती जवळ गेली.

"मॅडम, एक सांगायचं होतं. तो नंदी आमचा नाही. भूमिकानं—"

"माहीत आहे मले."

"कोणी सांगितलं?"

"उन्हाळ्यात सर्वेले आली होती न मी तुमच्या घरी. तुम्ही बाजारात गेल्या होत्या, बाबांनी चहा पाजला. एक खोली, त्यात पलंग, पाळणा आणि तुमची शिलाई मशीन. माणसाएवढा नंदी कुठं उभा करत होत्या, पंख्यावर?"

मिनल तिथंच पायरीवर टेकली. "मग ग्रुपवर आभार काहून लिहिले?"

मॅडमनी मैदानाकडे पाहिलं. गल्लीतल्या बायांनी शाळेच्या चुलीवर चहा ठेवला होता. नळ किती खाली घ्यायचा यावरून दोन बापांचं भांडण जुंपलं होतं, आणि ड्युटीवाला त्यात पंच झाला होता. फाटक सताड उघडं होतं आणि त्यातून कोणीही बाहेर जात नव्हतं. मॅडमनी चपला काढल्या आणि दुखरे पाय चोळले.

"दोन वर्षं झाले, तुम्हाले मीटिंगले बोलावून राहिली मी. म्हटलं, पोरीची लाज राखाले तरी ही बाई धावत येईल," त्या म्हणाल्या. "मले फक्त एक आई पाहिजे होती हो, मिनलताई. आता हे बाकीचे घरी कधी जातील?"